एका फळीची करामत!

ए दोस्ता, जरा जवळ ये. तुला एक गंमत सांगते!

वर्गात ब्लॅकबोर्ड. सुट्टीत कॅरम बोर्ड. भिंतीवर बटणांचा बोर्ड. दहावीतल्या ताईला बोर्डाच्या परीक्षेचं टेन्शन! जिकडे तिकडे बोर्डच बोर्ड! आता ओळख बघू, या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ काय?

लाकडाची फळी! हो, सुतारकाका करवतीनं कापतात ना, तीच साधीसुधी फळी. १००० वर्षांपूर्वीही इंग्लंडमधले लोक हा शब्द वापरायचे.

पण मग फळीची परीक्षा? हे कसं काय बुवा?

चल, जुन्या इंग्लंडमधल्या जेवणघरात डोकावू. जेवायची वेळ झाली की तिथे लाकडी घोड्या मांडायच्या. त्यांवर लांबलचक फळ्या टाकायच्या. झालं टेबल तयार! जेवणं आटोपली की फळ्या उचलायच्या, बाजूला ठेवायच्या. पंगत उठली की आपण पाट उचलतो ना, अगदी तस्सं!

म्हणून जेवायच्या टेबलालाच लोक ‘बोर्ड’ म्हणू लागले. आणि पुढे काय झालं माहितेय? त्यावर वाढलेलं जेवणही ‘बोर्ड’ झालं! घरापासून लांब शिकणाऱ्या मुलांना रोज जेवू घालतात, ते बोर्डिंग. म्हणजे या नावात झोपायची खाट नाहीच, आहे ते जेवणाचं ताट! कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून मुलांसाठी वसतिगृहं काढली. त्यातल्या कितीतरी वसतिगृहांच्या नावात ‘बोर्डिंग’ आहे!

थांब, टेबल अजून आवरू नकोस. टेबलाभोवती नुसतं जेवतात थोडंच? मोठी माणसं तिथे बसून चर्चा करतात, काहीबाही ठरवतात. मग काय! टेबलाचं नाव त्या माणसांनाच चिकटलं. परीक्षा कशी घ्यायची हे मिळून ठरवणारं मंडळ, तेही बोर्ड! ताईच्या मार्कशीटमागे चक्क एक जेवणाचं टेबल लपलंय!

आणि कपड्यांचं कबर्ड? त्याचं इंग्रजी स्पेलिंग लिहून बघ. सापडले ना ‘कप’ आणि ‘बोर्ड’? ६०० वर्षांपूर्वी ते पेले मांडायचं टेबल होतं. ना दार, ना कुलूप! दारं नंतर आली. बोलता बोलता ‘प’चा आवाज मात्र गळून पडला!

पण मला सगळ्यात आवडते ती आपल्या मराठीतली गंमत. क्रिकेटची मॅच ऐक. ‘मधली फळी कोसळली!’ अरेच्चा, मैदानात लाकूड कुठून आलं? फळी म्हणजे तर फलंदाज! तिकडे बोर्डाची माणसं झाली, इकडे फळीचीही माणसंच झाली!

आणि वर्गातला तो काळा फळा? तो तर फळीचा थोरला भाऊ!