एंगल्सला कोणता रंग आवडायचा?

कार्ल मार्क्सला मासे आवडायचे. आवडता रंग लाल, आवडतं फूल डॅफ्नी. कवींमध्ये शेक्सपिअर आणि ईस्किलस, गद्यात दिदरो. नायक दोन : रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या गुलामांचा म्होरक्या स्पार्टाकस आणि ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लर. ही माहिती कुठल्या चरित्रकारानं जुनी पत्रं चाळून गोळा केलेली नाही. खुद्द मार्क्सनं ती लिहून दिली आहे, १८६५ साली, घरातल्या मुलींच्या हट्टाखातर. ‘भांडवल’चा पहिला खंड छापून यायला अजून दोन वर्षं होती. आणि जगाच्या अर्थव्यवहाराची चिरफाड करणारा तो माणूस ‘आवडता पदार्थ’ या रकान्यात ‘मासे’ असं लिहीत होता.

त्या काळात इंग्लंडमधल्या सुशिक्षित घरांत हा खेळ जोरात होता. ‘कन्फेशन्स’ नावाच्या छापील वह्या मिळायच्या. प्रत्येक पानावर तेच वीस-पंचवीस प्रश्न आणि पुढे कोरी जागा. घरी आलेल्या पाहुण्यापुढे वही सरकवायची आणि त्यानं ती भरून द्यायची. तुमच्या मते सुख म्हणजे काय? दुःख म्हणजे काय? कुठला दोष सहज माफ कराल? कुठला कधीच नाही? आवडता रंग, फूल, कवी, चित्रकार? इतिहासातला नायक, कादंबरीतली नायिका? खाण्यापिण्यात काय आवडतं? कशाचा तिटकारा येतो? तुमचं ब्रीदवाक्य?

यादी वरवर पाहता विस्कळीत वाटते, पण तिची सगळी करामत त्या सरमिसळीतच आहे. सुखाची व्याख्या आणि जेवणातला आवडता पदार्थ, दोन्हींना सारख्याच आकाराचा रकाना. त्यामुळे फुलाचं नाव लिहिता लिहिता माणूस पुढच्याच ओळीत स्वतःबद्दल काहीतरी खोल लिहून मोकळा होतो. ज्या दिवाणखान्यात एखाद्या तरुणीनं पाहुण्याला ‘तुम्हाला सुख कशात वाटतं?’ असं थेट विचारणं रीतीला धरून झालं नसतं, तिथे वही हे बेधडक विचारू शकत होती.

मार्क्सचीच पुढची उत्तरं पाहा. सुख म्हणजे लढणं. दुःख म्हणजे शरण जाणं. माफ करण्याजोगा दोष म्हणजे भोळेपणा. तिटकारा कशाचा, या प्रश्नाला एखादा राजा, एखादा गिरणीमालक सहज सुचला असता. मार्क्सनं लिहिलं, मार्टिन टपर. हा टपर त्या वेळी इंग्लंडमध्ये घरोघरी वाचला जाणारा कवी, सोपी उपदेशपर पद्यं लिहिणारा. म्हणजे मार्क्सलासुद्धा आपल्यासारखाच एक लोकप्रिय लेखक डोक्यात जात होता! सगळं जग ज्याला डोक्यावर घेतं तो आपल्याला मुळीच आवडत नाही, हे मनमोकळं सांगण्याची जागा त्याला त्या वहीनं दिली.

पण माझं सर्वांत लाडकं पान आहे ते मार्क्सचा मित्र फ्रीडरिश एंगल्स याचं. मार्क्सची थोरली मुलगी जेनी हिच्या वहीत त्यानं ते १८६८ साली भरलं. दुःख म्हणजे काय, तर दंतवैद्याकडे जावं लागणं. नायक कुणी नाही, नायिका इतक्या की एक निवडणं अशक्य. पदार्थ दोन : थंडपैकी सॅलड, गरमपैकी आयरिश स्ट्यू. सुख म्हणजे शातो मार्गो ही फ्रेंच वाइन, तीही १८४८ सालची. या सालापाशी वाचणारा थबकतो. १८४८ म्हणजे या दोघांचा ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ निघाला ते साल, युरोपभर क्रांत्या उसळल्या ते साल. एंगल्सनं फक्त चांगल्या वाइनचं साल लिहिलं की आपल्या तरुणपणाचं, हे त्याचं त्याला माहीत. रकाना एवढासा, पण त्यात दोन्ही मावलं.

आता रंग. एंगल्सचं उत्तर असं, की ॲनिलिनचा नसेल तो कुठलाही. हे समजून घ्यायला बारा वर्षं मागे जावं लागतं. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत कृत्रिम क्विनीन करायला गेला आणि भांड्याच्या तळाशी त्याला जांभळा रंग सापडला. डांबरापासून काढलेल्या ॲनिलिनमधून निघालेला हा पहिला कृत्रिम रंग. पाठोपाठ किरमिजी, निळे, हिरवे असे झगझगीत रंग आले आणि बघता बघता बाजार त्यांनी भरून गेला. एंगल्स त्या काळात मँचेस्टरला घराण्याची भागीदारी असलेल्या सुती धंद्याच्या कचेरीत बसत होता. कापडाचा बाजार त्याच्या रोजच्या पाहण्यातला. ‘आवडता रंग कोणता?’ हा आपण पहिलीतल्या पोरालाही विचारतो तो प्रश्न, आणि त्याच्या एवढ्याशा उत्तरात रसायनशास्त्राचा आणि कापडधंद्याचा एवढा इतिहास दडलेला!

या प्रश्नावलीला आज जग ज्याच्या नावानं ओळखतं, त्यानं ती तयार केली नव्हती. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तनं ती फक्त भरली. पॅरिसमध्ये त्याची एक मैत्रीण होती, आंत्वानेत फॉर. तिचे वडील फेलिक्स फॉर पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिच्याकडे इंग्रजी छापाची अशीच एक वही होती. प्रश्न इंग्रजीत, प्रूस्तची उत्तरं फ्रेंचमध्ये. वय जेमतेम पंधरा. तो लिहितो, आपल्या आवडत्या माणसांच्या जवळ राहावं, निसर्ग असावा, भरपूर पुस्तकं आणि संगीत असावं आणि जवळच एखादं फ्रेंच नाटकघर असावं, म्हणजे सुख. दुःख म्हणजे आईपासून दूर राहावं लागणं. आवडत्या गद्यलेखकांत पहिलं नाव जॉर्ज सांद.

पुढे १९१३ साली त्याच्या ‘हरवलेल्या काळाच्या शोधात’ या सात भागांच्या कादंबरीचा पहिला भाग आला. सुरुवातीलाच त्यात काय आहे? एक लहान मुलगा रात्री अंथरुणात तळमळतोय, कारण खाली पाहुणे आलेत आणि आई निजण्याआधीचा मुका द्यायला वर येणार नाही. शेवटी आई येते, रात्रभर त्याच्या खोलीत थांबते आणि त्याला एक कादंबरी वाचून दाखवते. ती कादंबरी जॉर्ज सांदची. पंधराव्या वर्षी खेळाखेळात भरलेल्या दोन रकान्यांतून, पाव शतकानंतर, विसाव्या शतकातल्या एका थोर कादंबरीचा प्रारंभ उगवून आला. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

प्रूस्तनं काही वर्षांनी, विशीच्या आसपास, अशीच प्रश्नावली पुन्हा भरली. आता संगीतकारांमध्ये मोझार्ट आणि गुनो जाऊन बेथोव्हन, वाग्नर, शूमान आले होते. कवींमध्ये म्यूसेची जागा बोदलेर आणि व्हिन्यी यांनी घेतली होती. आई मात्र दुःखाच्या रकान्यात तशीच होती. या खेपेला त्यानं लिहिलं, की आई आणि आजी आपल्याला भेटल्याच नसत्या तर ते सर्वांत मोठं दुःख. एकाच माणसाची अशी दोन पानं शेजारी ठेवली की त्याच्यातलं काय बदलतं आणि काय हलत नाही, ते लख्ख दिसतं.

प्रूस्त १९२२ मध्ये गेला. दोन वर्षांनी आंत्वानेतच्या मुलानं आईच्या जुन्या सामानातली ती वही जगापुढे आणली. २००३ साली पॅरिसच्या लिलावात ती एक लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. मधल्या काळात ‘प्रूस्त प्रश्नावली’ हे नाव रुळलं होतं. फ्रेंच दूरचित्रवाणीवर बेर्नार पिव्होनं तिच्यावरून स्वतःची प्रश्नावली बेतली, अमेरिकेत जेम्स लिप्टननं नटनट्यांना तेच प्रश्न विचारले आणि ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकानं १९९३ पासून प्रूस्तच्या नावानं असं पानच सुरू केलं.

इंग्लंडनं मात्र या खेळाला एक नवं वळण दिलं. १९४१ च्या अखेरीला, ऐन महायुद्धात, रॉय प्लमली या निवेदकाला रात्री झोपायच्या वेळी एक कल्पना सुचली आणि त्यानं लगेच बीबीसीला पत्र लिहिलं. तुम्ही निर्जन बेटावर एकटे अडकलात तर कुठल्या आठ ध्वनिमुद्रिका बरोबर न्याल? २९ जानेवारी १९४२ ला ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’चा पहिला भाग वाजला आणि तो कार्यक्रम आजही चालू आहे. पुढे त्यात एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू यांची भर पडली. बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात, म्हणजे भारदस्त उत्तर देऊन सुटका नाही. सोप्रानो गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ १९५८ मध्ये आल्या तेव्हा आठपैकी सात मुद्रिका त्यांनी स्वतःच्याच गाण्याच्या निवडल्या. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. आयुष्य ज्या कामात गेलं ते बरोबर न्यावंसं वाटणारच.

आपल्याकडे याच नात्याची एक रीत रेडिओवर होती. ‘विविध भारती’वर ‘विशेष जयमाला’मध्ये एखादा सिनेकलाकार जवानांसाठी आपल्या पसंतीची गाणी लावायचा आणि दोन गाण्यांच्या मध्ये आपलं आयुष्य सांगायचा. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये श्रोत्यांच्या फर्माइशी त्यांच्या नावागावासकट वाचल्या जात. त्या नावांसाठीसुद्धा लोक कान देऊन बसत. आणि दहावीच्या शेवटच्या आठवड्यांत वर्गभर फिरणारी स्लॅमबुक तर महाराष्ट्रात शिकलेल्या कितीतरी जणांच्या कपाटात अजून सापडेल. चमकीच्या पेनानं लिहिलेलं टोपणनाव, आवडता हिरो, आवडती हिरोईन, आवडतं गाणं, आवडता क्रिकेटपटू आणि खाली ‘माझ्याबद्दल दोन शब्द’. व्हिक्टोरियन दिवाणखान्यातली ती वही आणि ही स्लॅमबुक यांचं कूळ एकच. एखाद्या पानावर आवडता सिनेमा ‘हम आपके हैं कौन’ असेल आणि दुसरीतल्या पानावर ‘दिल चाहता है’, तर तारीख न पाहताही दोन्ही वर्गांतलं अंतर कळतं.

आवडीनिवडी सांगण्यात एवढं काय असतं, हे संशोधकांनीही तपासून पाहिलं आहे. पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग यांनी अनोळखी विद्यार्थ्यांना काही आठवडे एकमेकांशी गप्पा मारायला बसवलं, विषयाचं बंधन न घालता. सर्वांत जास्त बोलणं झालं ते संगीतावर. मग त्यांनी काही जणांच्या आवडत्या दहा गाण्यांच्या याद्या परक्या माणसांना ऐकवल्या. केवळ तेवढ्यावरून ऐकणाऱ्यांना त्या व्यक्तीच्या स्वभावातल्या काही गोष्टी, विशेषतः नव्या अनुभवांची ओढ, बऱ्यापैकी ओळखता आल्या. हार्वर्डमध्ये डायना तामिर आणि जेसन मिचेल यांना २०१२ मध्ये दिसलं, की स्वतःची मतं सांगताना मेंदूतले बक्षीस मिळाल्यावर चेततात तेच भाग चेततात. स्वतःबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देता यावीत म्हणून लोक हाती येणारे थोडे पैसेही सोडायला तयार होते.

कॅथरीन लव्हडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’चे जुने भागच अभ्यासाला घेतले. पाहुण्यांनी निवडलेली साधारण निम्मी गाणी त्यांच्या वयाच्या दहा ते तीस या टप्प्याशी बांधलेली निघाली. हाच तो काळ, जेव्हा माणूस पहिल्यांदा घराबाहेर राहतो, प्रेमात पडतो, पोटापाण्याला लागतो, स्वतःचं काय ते ठरवतो. म्हणून साठीतल्या माणसाला आवडतं गाणं विचारलं तर तो बहुधा आपल्या विसाव्या वर्षाविषयी बोलू लागतो.

माझ्या मते या प्रश्नांचं बळ त्यांच्या लहान असण्यात आहे. ‘तुझ्या आयुष्याचं सार काय?’ असं विचारलं तर समोरचा गप्प होतो किंवा ऐकलेलं काहीतरी सांगतो. ‘तुझं आवडतं गाणं?’ याला चुकीचं उत्तरच नसतं, म्हणून भीती नसते. पण जागा एकाच गाण्याची असते, म्हणून निवड करावी लागते आणि निवडायला लागलं की माणूस दिसतो. त्यातून ‘का?’ एवढंच पुढे विचारलं, की गाण्यामागून त्या वेळची खोली, ती नोकरी, तो मित्र असं सगळं निघू लागतं.

आपल्याकडे स्लॅमबुकच्या पानांवर मुलांना हे प्रश्न भरपूर विचारले गेले, आईवडिलांना आणि आजीआजोबांना मात्र क्वचितच. आईचा आवडता सिनेमा कोणता आणि तो तिनं कुठल्या थिएटरात, कुणाबरोबर पाहिला, हे किती जणांना ठाऊक असतं? या दिवाळीत फराळाला सगळे जमतील तेव्हा दहा प्रश्न एका कागदावर लिहा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून सुरुवात करा. उत्तरं त्यांच्याच हातानं लिहून घ्या, हात थरथरत असेल तरी. पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा भरून घ्या. आणि दोन्ही वेळी खाली तारीख घाला.