नवोदय प्रवेश आणि मुख्याध्यापकाची सही

निवडून मुले घेणारी सरकारी शाळा म्हटली की आपण पहिला प्रश्न विचारतो, परीक्षा निकोप होते ना? प्रश्न रास्त आहे. पण जुन्नर-आंबेगावकडे पाहता तो जरा उशिरा विचारला जातो, असे आम्हांस वाटते.

जवाहर नवोदय विद्यालयांचेच पाहा. १९८५-८६ साली त्यांचा आरंभ झाला तो हरियाणातील झज्जर व आपल्याकडील अमरावती येथे. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिरूर तालुक्यात आहे. सहावीत फार तर ८० मुले घेतात. त्यांतील किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांच्या, एकतृतीयांश मुलींच्या, शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेतच. परीक्षा मराठीतून देता येते, मात्र एकदाच.

नियम चांगलेच आहेत. पण ‘ग्रामीण’ या एका शब्दाच्या पोटात काय काय मावते! पुणे-नाशिक रस्त्यालगतचे, शिकवणीवर्ग हाताशी असलेले बागायती गाव ग्रामीण; आणि डिंभे धरणाच्या वर, आहुप्याच्या अंगाची महादेव कोळ्यांची वाडीही ग्रामीणच. जुन्नरला नगरपालिका, म्हणून तेथील हमालाचे पोर मात्र शहरी!

ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत झालेली असावी लागतात, आणि तसा दाखला मुख्याध्यापक देतो. नाव खेड्याच्या पटावर आणि मूल शहरातल्या वर्गात, अशी सोय कोणी करून घेतली, तर साठांतली एक जागा गेलीच. ती कोणाची गेली, हे त्या मुलालाही कधी कळत नाही. गावातले वजनदार गृहस्थ समोर येऊन बसले असता ही सही नाकारणे सोपे नव्हे. केंद्रीय विद्यालयांत प्रत्येक खासदारास वर्षाला दहा मुलांची शिफारस करता येत असे. ती मुभा २०२२ साली रद्द झाली, तेव्हा नकार देण्याचे काम नियमानेच केले. खेड्यातल्या मुख्याध्यापकाला तो स्वतःच द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट याहून अवघड. शाळा सातवीपर्यंत असेल तर हुशार मूल सहावीत बाहेर गेल्याने पट घटतो, आणि पट घटला की शिक्षकाचे पदही धोक्यात येते. मग अर्जाची तारीख वाडीवर सांगायला जायचे कोणी? अर्ज ऑनलाइन भरायचा. घरात तसा फोन नाही, डोंगरात रेंज नाही. अशा वेळी पाचवीच्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन विचारणारा, आणि कोणाचे अर्ज गेले ती यादी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवणारा गुरुजी असला, तर परीक्षेच्या दिवशी त्या वाडीचे मूल निदान बाकावर बसलेले दिसते.