कुंपणाच्या आत आणि कुंपणाच्या बाहेर : बोरोबुदुरच्या पर्यटन क्षेत्राचा धडा

आजच्या व्याख्यानाचा विषय तसा जड वाटेल असा आहे. प्राचीन बौद्ध स्मारकाच्या आसपास शाश्वत पर्यटनाचं आर्थिक क्षेत्र कसं उभं करायचं, हा तो विषय. पण आपण सुरुवात एका अगदी साध्या वस्तूपासून करू. चपलेपासून.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर बोरोबुदुर आहे. आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजवटीच्या काळात उभा राहिलेला हा जगप्रसिद्ध स्तूप. आज तुम्ही तिथं वर चढायचं ठरवलंत तर पायातले बूट काढून ठेवावे लागतात आणि केवड्याच्या जातीच्या पानांची विणलेली एक मऊ चप्पल घालावी लागते. तिचं नाव आहे 'उपानत'. हा शब्द संस्कृतातल्या 'उपानह'पासून आला, आणि आपला मराठी 'वहाण' हा शब्दही त्याच घरातला. आसपासच्या गावांतले कारागीर ही चप्पल विणतात. तिची किंमत चढण्याच्या तिकिटातच धरलेली असते आणि पाहुणा ती घरी घेऊन जातो.

आता बघा, या एका चपलेत आजचा सगळा विषय आहे. दगडाची झीज कमी होते, हे झालं जतन. गावातल्या माणसाला काम मिळतं, हे झालं अर्थकारण. आणि हे दोन्ही एकाच तिकिटाने होतं. शाश्वत पर्यटन म्हणतात ते हेच. मात्र इथवर पोहोचायला बोरोबुदुरला चाळीस वर्षं लागली आणि मधल्या काळात बऱ्याच चुका झाल्या. त्या चुकाच आपल्याला जास्त शिकवतात.

आधी जागा समजून घेऊ. बोरोबुदुर योग्यकर्ता शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, मागेलांग जिल्ह्यात आहे. एका नैसर्गिक टेकडीला ज्वालामुखीच्या दगडाने मढवून हा स्तूप रचलाय. वर ७२ छोटे जाळीदार स्तूप, ५०४ बुद्धमूर्ती आणि भिंतींवर अडीच हजारांहून जास्त शिल्पपट. दगड एकमेकांत बसवलेत, मध्ये चुना नाही. त्यामुळे पावसाचं पाणी आतल्या मातीत मुरायचं आणि भिंती कलायच्या. १९७३ ते १९८३ या काळात युनेस्कोच्या मदतीने खालचे मजले सुटे करून, आत पाण्याचे निचरे बसवून ते पुन्हा रचले. १९९१ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला. मग दुसरा उभा राहिला, तो पायांचा. लाखो माणसं त्याच अरुंद जिन्यांवरून चढतात-उतरतात, आणि पायऱ्यांचा दगड झिजतो. इथं अर्थशास्त्राची पहिली गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यात मागणी वाढली की आपण दुसरी पाळी सुरू करतो, नवीन यंत्र आणतो. स्मारकात ते करता येत नाही. आणखी एक बोरोबुदुर बांधता येत नाही आणि जिना रुंदही करता येत नाही. मूळ माल ठरलेला, आणि वापरला की कमी होणारा. म्हणून २०२३ साली वर चढणाऱ्यांची संख्या दिवसाला १२०० आणि तासाला १५० अशी बांधून दिली गेली. बाकीचे लोक खालच्या अंगणातून स्तूप पाहतात.

मग उत्पन्न वाढवायचं कुठे? उत्तर एकच : कुंपणाच्या बाहेर. आणि इथंच पहिली मोठी चूक झाली होती.

१९७९ साली जपानच्या सहकार्याने एक आराखडा तयार झाला. त्यात स्तूपाभोवती एकात एक असे पाच पट्टे आखले होते. सगळ्यात आत स्मारक, त्याच्याभोवती उद्यान, मग नियंत्रित वापराची जमीन, आणि पुढे डोंगर, शेती, नद्या असा सगळा परिसर. कल्पना चांगली होती, कारण स्तूप आणि त्याचा मुलूख एकत्र पाहायला हवा हे त्यात मान्य केलं होतं. प्रत्यक्षात मात्र आतल्या दोन पट्ट्यांवरच जोर राहिला. उद्यानासाठी स्तूपाच्या पायथ्याशी असलेल्या वाड्या हलवल्या गेल्या. शेकडो कुटुंबांची घरं आणि जमीन गेली, काहींनी बराच विरोध केला. उद्यान झालं, कुंपण आलं, तिकीटखिडकी आली. ज्यांची घरं तिथं होती त्यांच्यातले अनेक जण कुंपणाबाहेर टोप्या, पंखे आणि छोट्या मूर्ती विकू लागले.

आणि कारभार किती हातांत वाटला गेला तेही पाहा. १९९२च्या आदेशाने स्मारक एका सरकारी खात्याकडे, उद्यान एका सरकारी कंपनीकडे आणि बाहेरचा पट्टा स्थानिक प्रशासनाकडे गेला. जतनाची जबाबदारी एकाची, तिकिटाचा पैसा दुसऱ्याकडे, आणि गर्दी, कचरा, फेरीवाले तिसऱ्याच्या माथी. असा कारभार असला की प्रत्येकाचा हिशेब वेगळा जमतो, पण एकूण हिशेब कुणीच मांडत नाही.

तो एकूण हिशेब कसा मांडायचा, याचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते. समजा शंभर पर्यटक शहरातून बसने आले, दोन तास थांबले आणि परत गेले. त्यांनी तिकीट काढलं, पाण्याची बाटली घेतली, फार तर एक टोपी. आता समजा चाळीसच आले, पण रात्री गावात राहिले. त्यांचं जेवण, खोली, सकाळची घोडागाडी, कुंभाराकडे घालवलेला तास, वाटाड्याचं मानधन, सगळं गावात पडलं. स्तूपावर पडलेल्या पावलांची संख्या निम्म्याहून कमी झाली आणि गावात आलेला पैसा कितीतरी वाढला. म्हणून 'किती पर्यटक आले?' यापेक्षा 'किती तास थांबले, आणि त्या तासांतला पैसा कुणाच्या हातात गेला?' हे विचारायला हवं.

हे फक्त फळ्यावरचं गणित नाही. बोरोबुदुरपासून जवळच चांदीरेजो नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी सहकारी संस्था काढून घरगुती मुक्काम, घोडागाडीची फेरी, शेत पाहणं, गावचं जेवण अशी सोय केली. सहकाराशी आपली ओळख जुनीच आहे, दूध आणि साखर या दोन शब्दांत महाराष्ट्राला ते कळतं. इथंही मर्म तेच. पाहुण्यांची पाळी संस्था ठरवते, त्यामुळे रस्त्यालगतच्या एकाच घराला सगळं गिऱ्हाईक मिळत नाही. पुढे सरकारने परिसरातल्या २० गावांत 'बाल्कोन्देस' नावाची गाव-अर्थकेंद्रं उभारली, एकेका गावाला एकेक सरकारी कंपनी जोडून दिली. खानावळ, खोल्या, सभागृह. पण नुसती इमारत देऊन अर्थकारण उभं राहत नाही. वाट, गिऱ्हाईक आणि चालवणारी माणसं असतील तिथंच ती चालते.

२०१७ साली आणखी मोठं पाऊल पडलं. बोरोबुदुरसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं आणि मेनोरेह डोंगरातली सुमारे ३०९ हेक्टर वनजमीन पर्यटन विकासासाठी त्याच्याकडे सोपवण्याचं ठरलं. ही जमीन स्तूपाला लागून नाही, शेजारच्या पुर्वोरेजो जिल्ह्यात आहे. दरम्यान कुलोन प्रोगोला नवा विमानतळही झाला. याकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. हॉटेलं आणि वाहनतळ स्तूपापासून लांब गेले तर दगडावरचा आणि परिसरावरचा भार हलका होतो, हा फायदा. पण पाहुणा डोंगरातल्या महागड्या मुक्कामी उतरला, तासाभरासाठी स्तूप पाहून परतला, तर वीस गावं पुन्हा कुंपणाबाहेरच राहतील. कुंपण फक्त मोठं झालेलं असेल.

किमतीचा धडा २०२२ साली मिळाला. गर्दी आवरण्यासाठी स्तूपावर चढण्याचं तिकीट परदेशी पर्यटकाला १०० डॉलर आणि देशातल्या पर्यटकाला साडेसात लाख रुपिया करण्याची घोषणा एका मंत्र्यांनी केली. उद्यानाचं तिकीट तेव्हा देशातल्या माणसाला ५० हजार रुपियाला मिळत होतं. ओरड झाली आणि निर्णय मागे पडला. बरोबरच होतं ते. ज्या स्तूपाभोवती वैशाख पौर्णिमेला मेंदुतहून मिरवणूक येते, तो फक्त पैसेवाल्यांनी चढायचा का? शेवटी दर बेताचा ठेवून संख्येवर मर्यादा, सोबत स्थानिक वाटाड्या आणि ती विणलेली वहाण, असा मार्ग निघाला. गर्दी किमतीने आवरली तर गरीब बाहेर पडतो. संख्येने आवरली तर फार तर थांबावं लागतं.

आता आपण घरी येऊ, कारण धागा सरळ जुळतो. जपानच्याच कर्जातून अजिंठा-वेरूळ जतन आणि पर्यटन विकास प्रकल्प झाला, पहिला टप्पा १९९२चा, दुसरा २००३चा. त्यातून चांगल्या गोष्टी झाल्या. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं, त्यामुळे वाघोरेच्या दरीत धूर कमी गेला. चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसं सोडण्याचा नियम आहे, कारण श्वासातली वाफही मातीच्या गिलाव्यावरच्या रंगांना सोसत नाही. पण त्याच प्रकल्पातून लेण्यांच्या प्रतिकृतींसह उभारलेलं भव्य अभ्यागत केंद्र २०१३ साली सुरू झालं आणि वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे काही वर्षांतच बंद पडलं. बांधायला कर्ज मिळालं, चालवायचा खर्च कुणाचा हे ठरलं नव्हतं. आणि बहुतेक पाहुणे आजही शंभर किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरहून सकाळी येतात, संध्याकाळी परततात. फर्दापूर, अजिंठा, लेणापूर या गावांच्या वाट्याला दुपारचे दोन-तीन तास येतात.

म्हणून कुठल्याही स्मारकाजवळ 'क्षेत्र' जाहीर झालं की आपण तीन प्रश्न विचारावेत. दगड किंवा चित्र किती माणसं सोसतं, आणि तो आकडा पाळायची जबाबदारी कुणाची? तिकिटातला किती हिस्सा कुंपणाबाहेरच्या गावात जातो? आणि उद्घाटनानंतर दहा वर्षांनी विजेचं बिल कोण भरणार?

ही तीन उत्तरं आराखड्यात लिहिलेली नसतील, तर क्षेत्र जाहीर झालं असं म्हणता येईल, उभं राहिलं असं नाही. आज इथं थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.