आरोग्याचे नियम आणि नगरसभेपुढे आपले म्हणणे

शहराच्या कारभारातील बहुतेक नियम आपल्या दारापर्यंत येऊन थांबतात. आरोग्याचे नियम मात्र उंबरठा ओलांडून आत येतात. पाण्याचे पिंप किती दिवसांनी कोरडे करावे, ओला कचरा कोणत्या डब्यात टाकावा, घरात साथीचा रोगी असल्यास कोणास कळवावे, या गोष्टी आपण घरच्या समजतो आणि नगरसभा त्या शहराच्या समजते. दोघांचेही खरे आहे. म्हणूनच असा नियम होण्यापूर्वी घरच्या माणसाने आपले म्हणणे मांडावे आणि नगरसभेने ते विचारात घ्यावे, अशी सोय कायद्याने करून ठेवलेली आहे. ती कोठे आहे आणि कशी वापरावयाची, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेतील अनेक नगरसभांत सामान्य नागरिकास सभेपुढे उभे राहून दोन-तीन मिनिटे बोलता येते. आपल्याकडे तसे नाही. मुंबईखेरीज महाराष्ट्रातील इतर महानगरपालिका 1949 च्या ज्या कायद्याने चालतात, त्याप्रमाणे सभा लोकांस खुली असते. बहुमताने तसा ठराव केल्यासच ती बंद दाराआड भरते. पण खुली म्हणजे पाहण्यास व ऐकण्यास खुली. चर्चेत भाग घ्यावयाचा तो नगरसेवकांनी आणि विनामताच्या अधिकाराने आयुक्तांनी. सज्जात बसलेल्या नागरिकाने उभे राहून दोन शब्द बोलावयाचे म्हटले, तर त्यास बाहेर जावे लागेल. संतापून सज्जातून घोषणा देणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांचा संताप पुष्कळदा रास्त असतो, परंतु सभेच्या इतिवृत्तात त्यांच्या म्हणण्याचा एक शब्दही उतरत नाही.

नागरिकासाठी खरा दरवाजा दुसरीकडे आहे. महापालिका कोणकोणत्या बाबतींत उपविधी करू शकते, त्याची लांबलचक यादी या कायद्याच्या 458 व्या कलमात आहे. त्यापुढील कलमांचा इत्यर्थ असा: उपविधीचा मसुदा आयुक्त सभेपुढे ठेवतात, तो अमुक तारखेस विचारात घेतला जाईल अशी सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावी लागते, छापील मसुदा महापालिकेच्या मुख्य कचेरीत कोणासही फुकट वाचता आला पाहिजे, आणि त्या तारखेपूर्वी कोणाही व्यक्तीने लेखी दिलेल्या हरकती व सूचना महापालिकेने विचारात घेतल्या पाहिजेत. त्याशिवाय उपविधी करताच येत नाही. ‘कोणाही व्यक्तीने’ या शब्दांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. हरकत घेणारा घरमालकच असावा किंवा करदाताच असावा, असे तेथे म्हटलेले नाही. भाड्याच्या खोलीत राहणारी मोलकरीण आणि पदपथावरचा भाजीवाला यांचा हक्क कारखानदाराइतकाच. मुंबईच्या 1888 च्या कायद्यातही तत्त्व हेच आहे, आणि लहान शहरांच्या 1965 च्या कायद्यातही.

असा दरवाजा नसला म्हणजे काय होते, हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात काही रोगी तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे निदान केले. हे मूळचे गोव्याचे. मुंबईत वैद्यकी करीत आणि महापालिकेचे सभासदही होते. त्यांनी आपले निदान महापालिकेच्या स्थायी समितीपुढे उघडपणे सांगितले. शंका घेणारे थोडे नव्हते. बंदराच्या शहरात प्लेग आहे असे म्हणणे म्हणजे व्यापाराच्या मुळावर घाव घालणे होते. तरीही ते बोलले, आणि शहर जागे झाले. सभागृहात बसलेल्या जाणत्या माणसाच्या बोलण्याचा हा उत्तम दाखला होय.

पण पुढचा दाखला तितका चांगला नाही. 6 ऑक्टोबर रोजी आयुक्तांनी जाहीरनामा काढला. रोग्यास घरातून हलवून रुग्णालयात नेण्याची सक्ती त्यात होती. ज्यांच्या घरात शिरून माणूस उचलावयाचा, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. रुग्णालयात गेलेला परत येत नाही ही भीती, स्पर्शास्पर्शाचा प्रश्न, बायकांना परका पुरुष हात लावणार हा धसका, आणि त्यांवर वाढणाऱ्या अफवा, हे सारे चाळीचाळीतून धुमसत राहिले. 29 ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. त्यानंतर लगेच सक्ती सैल करण्यात आली: घरीच वेगळे ठेवून नीट उपचार होत असतील तर रोग्यास हलवू नये. पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालयेही उघडली आणि लोक तेथे जाऊ लागले. जी तोड दगडफेकीनंतर सुचली, ती महिनाभर आधी कोणी विचारले असते तर कोणत्याही चाळीतल्या म्हाताऱ्याने सांगितली असती.

याच्या उलट उदाहरण विहिरींचे. 1860 साली विहार तलावाचे पाणी मुंबईत आले, तरी घरोघरच्या विहिरी राहिल्याच होत्या. हिवतापाची चौकशी करून डॉ. चार्ल्स बेंटली यांनी 1911 साली अहवाल दिला की, शहरातील हिवतापाचा डास मुख्यतः या विहिरींतच वाढतो. तेव्हा त्या बुजवाव्या किंवा घट्ट झाकाव्या, असा आग्रह सुरू झाला. त्यावर पारशी व हिंदू गृहस्थांनी हरकत घेतली. धर्मकृत्यास लागणारे पाणी ज्यावर सूर्याचे किरण पडतात अशा विहिरीचेच हवे, असे पारशांचे म्हणणे होते. हिंदूंच्याही पूजाअर्चेचा प्रश्न होताच. हे म्हणणे अडाणीपणाचे म्हणून उडवून देणे सोपे होते. पण हरकत नेमकी होती आणि तिच्यातच वाट दडलेली होती: डासाला अडवावयाचे आहे, उजेडाला नव्हे. म्हणून पुष्कळ विहिरी बुजल्या वा बंद झाल्या, तरी धर्मकृत्याच्या काही विहिरींवर बारीक तारेच्या जाळीचे दार ठेवण्याची मुभा मिळाली. वाद लांबला, कुरबुर झाली, पण रुग्णालयावर चालून जाण्याची पाळी आली नाही. 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही चर्चगेटजवळ आहे.

आता हरकत लिहावयाची कशी? समजा, डेंग्यूच्या डासासाठी एक मसुदा निघाला: ‘प्रत्येक घरमालकाने व भाडेकऱ्याने आठवड्यातून एकदा पाण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, न केल्यास दंड.’ शास्त्र बरोबर आहे. हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांची मर्यादा. पण जुन्या वाड्यात जेथे नळ दिवसाआड तासभर येतो, तेथील बाईने पिंप नेमके केव्हा उपडे करावयाचे? भरलेले पाणी ओतून दिले तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कशाने होणार?

येथे ‘हा नियम जुलमी आहे, तो रद्द करावा’ असे लिहून पाठविणारे पुष्कळ असतात. अशा शंभर पत्रांचा गठ्ठा एका ओळीच्या शेऱ्याने निकालात निघतो. त्याऐवजी असे लिहावे: अमुक क्रमांकाच्या कलमास हरकत आहे, आमच्या गल्लीत अमुक घरे, पाणी अमुक दिवशी अमुक वेळी येते, तेव्हा कोरड्या दिवसाचा वार पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकास जोडावा, आणि घट्ट झाकण किंवा बारीक कापड बांधलेल्या पिंपास दंड नसावा, म्हणून कलमाचे शब्द पुढीलप्रमाणे करावे. आणि ते शब्द स्वतः लिहून द्यावे. नगरसेवकास उपसूचना मांडावयाची असते, ती त्यास आयती मिळते. गल्लीतील वीस जणांनी एकच मजकूर उतरवून काढण्यापेक्षा वीस घरांच्या पिंपांची मोजणी एका कागदावर दिलेली बरी. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये. व्याख्यानाला टाळ्या मिळतात, हरकतीला मिळावयाची ती पोचच.

त्याची एक प्रत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास समक्ष द्यावी. सभागृहात आपला आवाज तोच आहे. अर्थात नगरसेवक असले तर! मार्च 2022 मध्ये मुंबई व पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अशा काळात लेखी हरकतीवाचून नागरिकाजवळ फारसे काही उरत नाही.

या दरवाज्यालाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. साथ अंगावर आली म्हणजे हरकती मागविण्यास सवड नसते. 1897 च्या साथरोग कायद्याखाली सरकार थेट हुकूम काढू शकते. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात तसेच झाले, आणि घरोघर काय शिथिल करावे याची घासाघीस मागाहून झाली. म्हणून साथ नसतानाचे कंटाळवाणे मसुदेच अधिक लक्ष देऊन वाचले पाहिजेत. कचऱ्याचे उपविधी घ्या. 2016 च्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी शहरोशहरी असे उपविधी करण्यास सांगितले, आणि त्यांतून दंडाचे दर ठरले. किती जणांनी ती सूचना वर्तमानपत्रात पाहिली असेल?

हरकत दिल्यानंतर काम संपत नाही. उपविधीस राज्य सरकारची मान्यता लागते, तेव्हा सभेने म्हणणे डावलले तर तेथेही लिहिता येते. आणि हरकतीचे काय झाले हे कळविले गेले नाही, तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली त्या सभेचे इतिवृत्त आणि आपल्या अर्जावरील शेरा यांची नक्कल मागावी. अर्जासोबत पोचेचा क्रमांक व तारीख द्यावी, म्हणजे कागद सापडत नाही असे उत्तर देणे कचेरीस थोडे कठीण जाते.