लाल्याचं मीठ

कळंबहून राळेगावकडे जाताना लाल पडलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसली की मी गाडी थांबवतोच. घरच्यांनी आता बोलणंही सोडलंय. यंदा उतरलो तर बांधावरच्या पोराने विचारलं, "काका, लाल्याच हाय ना जी? कोन्तं औषध मारू?"

आधी पान उलटून पाहिलं. तुडतुड्यांनीही पान लाल पडतं, पण ते नव्हते. शिरा हिरव्या, मधली जागा जांभळट, शेंडा मात्र टवटवीत. मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतं. बोंडं भरू लागली की पऱ्हाटी जुन्या पानांतून ते काढून वर धाडते, म्हणून लाली खालून चढते. हरितद्रव्याच्या मधोमध याच मॅग्नेशियमचा एकेक अणू असतो. जवळपास तसल्याच कड्यात लोह बसलं की आपल्या रक्तातलं हीम. नत्र कमी पडलं, रात्री गारठल्या, तरी पानं लाल होतात, तेव्हा सगळं खापर एकट्या मॅग्नेशियमवर नको.

झाडा-माणसातलं बाकीचं साम्य-फरकही उरकून घेतो. जीवनसत्त्वं झाड बहुतेक स्वतःच बनवतं, आपण त्याच्याकडून उसनी घेतो. बी-12 मात्र झाडालाही जमत नाही, ते जिवाणूंचं काम. आपली संप्रेरकं ग्रंथींतून रक्तात उतरतात, झाडाला तशा ग्रंथीच नाहीत. जस्त कमी पडलं की झाडाचं ऑक्सिन घटतं. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन जस्ताच्याच सोबतीने साठतं. पातेगळीवर मारतात ते एनएए हे ऑक्सिनच्या जातीचं: 20 पीपीएम, म्हणजे 10 लिटर पाण्यात 0.2 ग्रॅम. त्याचाच भाऊबंद टू-फोर-डी हे तणनाशक. त्याचा पंप न धुता कपाशीत नेला, की पानांची बोटं होतात. माझ्याच वावरात एकदा झाली होती, दोष माझाच.

तर लाल्याचं मीठ. 10 लिटरला 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. कृषी केंद्रातली ती पांढरी पुडी म्हणजे जुन्या घरांतलं जुलाबाचं एप्सम मीठ. इंग्लंडातल्या एप्समच्या कडू झऱ्यावरून ते नाव पडलं. तिथलं पाणी गुरंही पीत नव्हती म्हणतात.

हेच मीठ मी दवाखान्यात पाहिलं आणि थक्क झालो. नात्यातल्या सुनेला बाळंतपणाच्या तोंडावर रक्तदाब चढून झटके आले. नर्सने मॅग्नेशियम सल्फेटची सुई टोचली. पुढच्या मात्रेआधी डॉक्टरीणबाईंनी छोट्या हातोडीने तिच्या गुडघ्याखाली टकटक केली. पाय उडाला, मगच दुसरी सुई. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी ही उडी जाते, मग श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी उशाशीच होती. या झटक्यांवर डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा हे स्वस्त मीठ सरस, हे 1995 साली भारतासह अनेक देशांतल्या 1,687 बायांवरच्या चाचणीत ठरलं.

मला भुरळ पडली ती त्या कुपीची. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम निरोप सोडवतं, मॅग्नेशियम त्याला अडवतं. आणि आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात? तिथे कॅल्शियमची गर्दी मुळाशी मॅग्नेशियमला शिरू देत नाही. तेच दोघे, तीच ओढाताण.

पोराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे खालची पानं हिरवी होतीन?" पूर्ण लाल झालेली नाही होत, म्हटलं, वरची वाचव. त्याच 10 लिटरात युरिया 200 ग्रॅम घाल, आणि फवारणी दुपारच्या उन्हात नको. त्याने पंप उचलला, झाकण काढलं आणि आत वाकून वास घेतला. "धुतलेला हाय जी," म्हणाला.