गुन्हा इथला, कोर्ट त्यांचं!

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझी दहावीपर्यंतची सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की मला व्हायव्हापेक्षा जास्त घाम फुटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. खरं तर मासिकाच्या इंग्रजी विभागात हा लेख एका रात्रीत लिहून झाला असता. तरी हट्टाने मराठीत लिहितोय. का, ते शेवटी सांगतो.

सुरुवात झाली ती प्रोफेशनल एथिक्सच्या सेमिनारपासून. विषय होता ‘अपघात आणि जबाबदारी’. नेहमीप्रमाणे मी मेसमधून उशिरा पोचलो, तोवर टायटॅनिक, भोपाळ, चॅलेंजर सगळं वाटून झालेलं! सर म्हणाले, “तू ‘नॉर्मंटन’ घे.” मला वाटलं एखाद्या पंपाच्या कंपनीचं नाव असेल. निघाली एक बोट. बॉयलर, हल, स्टॅबिलिटी असं काहीतरी सांगून दहा मिनिटं मारून नेऊ, असा माझा प्लॅन होता. पण वाचत गेलो आणि बॉयलर राहिला बाजूला, भलत्याच गोष्टीत अडकलो.

काय झालं होतं?

२४ ऑक्टोबर १८८६. ‘नॉर्मंटन’ ही ब्रिटिश मालवाहू बोट जपानमध्ये योकोहामाहून कोबेकडे निघाली होती. मालाबरोबर २५ जपानी प्रवासी होते. वाटेत वादळ झालं आणि की द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली. कॅप्टन जॉन विल्यम ड्रेक आणि त्याचे युरोपियन खलाशी लाइफबोटींमधून सुखरूप किनाऱ्याला लागले. २५ जपानी प्रवाशांपैकी किती वाचले? एकही नाही. त्यांच्याबरोबर बोटीवर काम करणारे १२ भारतीय खलाशीही बुडाले.

कॅप्टनचं म्हणणं असं, की आम्ही जपान्यांना लाइफबोटीत उतरा म्हणून सांगितलं, पण त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, ते जागचे हललेच नाहीत. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसलो. इंग्रजी येत नाही म्हणून लोक मरतात? रात्री, वादळात, बोट बुडत असताना माणसाला हाताला धरून ओढायला कुठली भाषा लागते?

आता तुम्ही म्हणाल, कॅप्टनला जपानी पोलिसांनी पकडलं असेल, खटला चालला असेल. गंमत तर इथेच आहे. अपघात जपानच्या किनाऱ्यावर, मेलेले प्रवासी जपानी, पण जपानच्या कोर्टाला ड्रेकला हात लावायचा अधिकारच नव्हता!

अधिकार का नव्हता?

याला कायद्याच्या भाषेत ‘राज्यक्षेत्रातीत अधिकार’ असं जडजंबाल नाव आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, माणूस ज्या जमिनीवर उभा आहे तिथला कायदा त्याला लागू नाही, तो ज्या देशाचा आहे तिथला कायदा त्याच्या पाठोपाठ चालत येणार. १८५८ मध्ये इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स वगैरे देशांनी जपानशी तह केले. त्यात असं ठरलं, की ब्रिटिश माणसाने जपानमध्ये जपानी माणसाचा गुन्हा केला तर त्याचा निवाडा ब्रिटिश कॉन्सुल करणार, ब्रिटिश कायद्याने. चीनमध्ये तर ही पद्धत अफूच्या पहिल्या युद्धानंतर, १८४३ च्या तहापासूनच सुरू झाली होती.

ही व्यवस्था म्हणजे नुसती मनमानी होती असं मात्र नाही. सगळं लेखी होतं. १८६५ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या हुकमाने चीन आणि जपानमधल्या ब्रिटिश प्रजेसाठी शांघायला एक सुप्रीम कोर्ट उघडलं. त्याच्या खाली बंदराबंदरातली कॉन्सुली कोर्टं. खून, चोरी, मारामारी या गुन्ह्यांना इंग्लंडमध्ये जो फौजदारी कायदा होता तोच इथे. लहान कॉन्सुली कोर्टाने बारा महिन्यांपर्यंत कैद द्यावी, मोठा गुन्हा असेल तर वर पाठवावा. शिवाय काही खास गुन्हेही होते. चीन किंवा जपानच्या सम्राटाविरुद्धच्या बंडात भाग घेणं, तहाच्या अटी मोडणं, इतकंच काय, तिथल्या लोकांच्या धर्माची जाहीर टिंगल करणं, यालासुद्धा शिक्षा होती. जो माणूस शांततेने राहील असं वाटत नाही त्याला देशाबाहेर पाठवायचाही अधिकार होता.

कागदावर वाचलं तर वाटतं, अरे, हे तर चांगलंच आहे की! मग घोडं कुठे अडलं?

न्याय देणार कोण, इथे. कॉन्सुलचं मुख्य काम आपल्या देशाच्या व्यापाऱ्यांची काळजी घेणं. तोच न्यायाधीश. आरोपी त्याच्याच देशाचा. साक्षीदार बहुतेक आरोपीचेच सहकारी. ज्याचं नुकसान झालं तो तेवढा परका, आणि कोर्टाची भाषाही त्याची नाही. म्हणजे क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमनेच अंपायर आणायचा, तसं झालं.

तीन महिने

तर कोबेच्या ब्रिटिश कॉन्सुलने नोव्हेंबरच्या सुरुवातीला चौकशी केली आणि कॅप्टन ड्रेकचा काही दोष नाही असा निर्णय दिला. जपानभर संतापाची लाट उसळली. वर्तमानपत्रं भरून लेख आले, मृतांच्या कुटुंबांसाठी वर्गणी गोळा झाली. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्यावर दबाव आला आणि मग ड्रेकविरुद्ध फौजदारी तक्रार दाखल झाली. पण तीही कुठे? ब्रिटिश कोर्टातच! डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाच्या ब्रिटिश कोर्टाने ड्रेकला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा तीन महिने कैद. मृतांच्या नातेवाइकांना भरपाई शून्य.

२५ प्रवासी, तीन महिने. भागाकार करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. माणशी साधारण साडेतीन दिवस.

आणि ते १२ भारतीय? जपानी प्रवाशांसाठी निदान अख्खा जपान ओरडला. भारतीय खलाशी स्वतःच ‘ब्रिटिश प्रजा’. त्यांच्यासाठी वेगळं ओरडणारं सरकारच नव्हतं.

आपला संबंध आणखीही एका ठिकाणी येतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारमध्ये तेव्हा पुष्कळ भारतीय व्यापारी होते. तिथे सुलतानाचं राज्य, पण हे व्यापारी ब्रिटिश प्रजा म्हणून ब्रिटिश कॉन्सुलच्या कोर्टाखाली. कायद्याच्या हिशेबाने झांझिबार म्हणजे जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हा! तिथल्या कोर्टात आपला १८६० चा इंडियन पीनल कोड चालायचा आणि अपील यायचं मुंबई हायकोर्टात. फोर्टमधल्या त्या काळ्या दगडी इमारतीत समुद्रापलीकडच्या भांडणांचे निकाल लागत होते, हे मला तरी माहीत नव्हतं.

दुसरी बाजू

सेमिनारमध्ये सरांनी मला विचारलं, “ब्रिटिशांची बाजू काय होती?” माझी बोलती बंद! पुन्हा लायब्ररी गाठली. त्यांची बाजू अशी, की जुन्या जपानी पद्धतीत कबुली मिळवण्यासाठी आरोपीचा छळ केला जायचा, कायदे नीट छापलेले नव्हते, तिथे आपला माणूस कसा सोपवायचा? यात तथ्य होतं. जपानलाही ते पटलं असावं. त्यांनी नुसती घोषणाबाजी केली नाही, तर बोआसोनाद नावाच्या फ्रेंच कायदेपंडिताला बोलावून नवीन दंडसंहिता तयार केली. ती १८८० मध्ये जाहीर झाली आणि १८८२ पासून लागू झाली. मग १८९४ मध्ये ब्रिटनशी नवा तह झाला आणि १८९९ मध्ये परक्यांची कोर्टं जपानमधून कायमची गेली. चीनला मात्र ब्रिटन आणि अमेरिकेच्या बाबतीत १९४३ पर्यंत वाट पाहावी लागली.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. याच जपानने १८७६ मध्ये, म्हणजे ‘नॉर्मंटन’च्या दहा वर्षं आधी, कोरियावर तह लादून तिथे स्वतःच्या लोकांसाठी हाच अधिकार घेतला होता. जे आपल्याला टोचतं तेच दुसऱ्याला टोचायला माणसाला काही वाटत नाही.

आजही भारतीय नागरिकाने परदेशात गुन्हा केला तर त्याच्यावर भारतात खटला चालू शकतो. पूर्वी ते इंडियन पीनल कोडमध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण फरक लक्षात घ्या. आजचा नियम त्या देशाच्या कोर्टाचा हात धरत नाही, जुना नियम धरायचा. तरी प्रश्न पूर्ण सुटलाय असं नाही. २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ इटलीच्या जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मेले. खटला कोणी चालवायचा, यावर दोन देश कित्येक वर्षं भांडले. शेवटी आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये सांगितलं, की नौसैनिकांवर भारतात खटला चालणार नाही, पण भारताला भरपाई मिळाली पाहिजे. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने इथली प्रकरणं बंद केली.

आता आपल्या गेटपाशी

इथपर्यंत सगळं सेमिनारमध्ये सांगून झालं, मार्कही बरे पडले. पण मला रात्री झोप येईना. कारण सांगतो.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात आमच्या विंगमधल्या एकाने ट्रिपल सीट बाइक आणली आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर घातली. बरण्या फुटल्या, स्टोव्ह गेला आणि टपरीवाल्या काकांचं उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. विंगचा प्रतिनिधी म्हणून मीही होतो. पोलिसात गेलं तर मुलाचं करिअर जाईल, आतल्या आत मिटवू, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. ठरलं काय? पाचशे रुपये दंड, तो हॉस्टेल फंडात. आणि एक माफीपत्र, तेही रेक्टर सरांच्या नावे. मी खाली सही केली. काकांना कोणी बोलावलंच नव्हतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

चार दिवसांनी टपरी उघडली. काका डाव्या हाताने चहा गाळत होते. मला म्हणाले, “काय ठरलं मग तुमच्यात?”

“तुमच्यात.” तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ‘नॉर्मंटन’ वाचताना तो शब्द परत आठवला. कोबेचा कॉन्सुल मला परका वाटेना. त्याच्या जागी मी बसलो होतो.

सेमिनारनंतर मी आणि तो बाइकवाला मित्र काकांकडे गेलो. दोघांचे मिळून तीन हजार होते. मला वाटलं, काका “राहू दे रे पोरांनो” म्हणतील. काकांनी शांतपणे पैसे मोजले आणि म्हणाले, “बिल साडेचार झालं होतं.” उरलेले दीड हजार आम्ही पुढच्या महिन्यात दिले.

रेक्टर सरांना मी एक अर्जही दिलाय. बाहेरच्या कोणाची आपल्या मुलाविरुद्ध तक्रार असेल तर त्या माणसाला मीटिंगला बोलवावं, त्याच्या भाषेत त्याचं ऐकून घ्यावं आणि दंडातली रक्कम आधी त्याला मिळावी, एवढंच त्यात आहे. सरांनी पुढच्या बैठकीत ठेवतो म्हटलंय. तुम्हाला पटत असेल तर अर्जावर सही करायला रूमवर या, पेन माझं.

आणि हो, मराठीत का लिहिलं? हा अंक छापून आला की एक प्रत मी टपरीवर ठेवणार आहे. आमच्यात काय ठरलं, ते काकांना वाचता यायला हवं.