जुन्या जहाजांचे नवे प्रवास

वस्तू जुनी झाली की ती टाकाऊ झाली, असे आपण सहज म्हणतो. प्रवासी जहाजांच्या इतिहासात मात्र याच्या उलट उदाहरणे आढळतात. त्यांपैकी ग्रीसच्या चँड्रिस कंपनीचे उदाहरण आम्ही येथे वाचकांपुढे ठेवत आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमध्ये दारिद्र्य होते, तर ऑस्ट्रेलियाला कष्टकरी हातांची गरज होती. हजारो कुटुंबे देशांतरास निघाली. त्याच सुमारास जेट विमानांमुळे अटलांटिकवरील जहाजांचे प्रवासी घटले आणि ती जहाजे विक्रीस आली. नवे जहाज बांधण्यापेक्षा जुने दुरुस्त करणे स्वस्त पडे. १९५९ साली चँड्रिसने ‘ब्लूमफाँटेन कॅसल’ हे ब्रिटिश जहाज घेऊन त्याचे नाव ‘पात्रिस’, म्हणजे पितृभूमी, असे ठेवले. त्याच डिसेंबरात ते पिरियस बंदरातून सिडनीकडे निघाले. पुढे १९३२ चे अमेरिकी ‘लर्लाइन’ हे ‘एलिनिस’ झाले.

सर्वांत गाजले ते ‘ऑस्ट्रेलिस’. हे मूळचे ‘अमेरिका’. १९३९ साली एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे जलावतरण झाले. युद्धकाळात त्याने ‘वेस्ट पॉइंट’ या नावाने सैनिक वाहिले. चँड्रिसने १९६४ मध्ये ते घेतले आणि खोल्या वाढवून दोन हजारांहून अधिक प्रवाशांची सोय केली. विशेष म्हणजे, पूर्वी भाड्यानुसार वेगवेगळे वर्ग असलेल्या या जहाजावर आता सर्वांसाठी एकच वर्ग होता. श्रीमंतांसाठी सजवलेल्या दालनांत मजुरांची मुले खेळू लागली.

यामागे व्यापाराचाच हिशेब होता, हे आम्ही विसरत नाही. शिवाय ही समता जहाजापुरतीच होती. कारण ऑस्ट्रेलियाचे ‘श्वेत’ धोरण १९७३ पर्यंत पूर्णपणे संपले नव्हते आणि आशियाई माणसाला ते दार बहुतांशी बंदच होते.

१९७४ च्या नाताळात चक्रीवादळाने डार्विन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा ‘पात्रिस’ने बेघरांना महिनोन्‌महिने आसरा दिला. ‘ऑस्ट्रेलिस’ची ऑस्ट्रेलियाची फेरी १९७७ मध्ये थांबली, १९९४ साली कॅनरी बेटांच्या किनाऱ्यावर वादळात त्याचा अंत झाला. मात्र त्यातून उतरलेल्यांची नातवंडे आज त्या देशाचे नागरिक आहेत. पत्र्याची पेटी घेऊन घरापासून दूर आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना अशा प्रवासाचे मोल निराळे सांगावयास नको.